कुबड्यांवर आत, पायांवर बाहेर

तिला खिळा म्हणायचे, आणि ते काही लाडाने नव्हे. बाप सुतार. पोर जेमतेम चालायला लागली होती, तेव्हा कशावरून तरी फुगली आणि दाराच्या उंबऱ्यात बसली ती उठेना. येणारेजाणारे तिला ओलांडून जायला लागले. आईने धपाटा घातला, शेजारणीने खाऊ दाखवला, पण बाईसाहेब ढिम्म. शेवटी बाप म्हणाला, राहू दे तिला, हा खिळा आहे, उपटायला गेलीस तर लाकूड फुटेल. झालं. तेव्हापासून घरात, गल्लीत, शाळेत आणि पुढे कामाच्या ठिकाणीसुद्धा खिळाच. खरं नाव तिच्या पगाराच्या कागदावर असेल, ते कोणी बघितलंय.

कामाचं ठिकाण म्हणजे पायांचा कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं; एक लांबट इमारत, पुढे अंगण आणि गेट, आत ओळीने दालनं. पहिल्यात प्लास्टरच्या बादल्या, मधल्यात कोरायचं यंत्र, शेवटी ओव्हन आणि घासायच्या मशिनी. ज्यांचे पाय गेले त्यांना इथे पाय बसवून मिळतात. खिळा इथे पहिल्यांदा आली ती नोकरीला नव्हे, पाय घ्यायलाच. शाळकरी वयात रस्त्याकडेला उभी होती आणि मागे घेताना एका ट्रकने उजवा पाय गुडघ्याखाली नेला. रडली नाही असं मी सांगणार नाही. ढसाढसा रडली, आई तर तिच्याहून जास्त. पण बापाने कुबड्या करून दिल्या तेव्हा तिने त्या फेकून दिल्या. म्हणाली, पाय हवाय, काठ्या नकोत.

पाय मिळाला. गल्लीतली पोरं मग तिला 'खोट्या पायाची' म्हणायला लागली. त्यातल्या म्होरक्याला तिने त्याच पायाने अशी एक लाथ घातली की तो आठवडाभर लंगडत होता. त्यानंतर शब्द गेला नाही, पण तिच्या पाठीमागे गेला.

तो पाय करणारे मास्तर. सगळा कारखाना त्यांना नुसतं मास्तर म्हणायचा. उरलेल्या पायाला प्लास्टर गुंडाळायचं, त्याचा साचा घ्यायचा, आणि मग त्या साच्यावर हात फिरवत विचारायचं, इथे दुखतं का, इथे टेकलं तर चालतं का. हाड जिथे बोचतं तिथे जागा सोडायची, मांस जिथे भार घेतं तिथे दाबायचं. पाय ज्यात बसतो त्या सॉकेटचा आकार असा दुखण्यातून ठरतो, नुसत्या मापातून नाही. खिळा पाय घ्यायला आली त्याच वर्षी कारखान्याला कोणा परदेशी संस्थेकडून कोरायचं यंत्र मिळालं: साच्याचा आकार संगणकात घ्यायचा, पडद्यावर त्यात फेरफार करायचे आणि यंत्राने पांढऱ्या फोमच्या ठोकळ्यातून तो जसाच्या तसा कोरून काढायचा; त्यावर ओव्हनमध्ये मऊ केलेलं प्लास्टिक ओढलं की सॉकेट तयार. मास्तर आधी यंत्राकडे सवतीसारखं बघत होते. मग त्यांनी पहिला साचा त्यावर चढवला तो या पोरीचा, कारण म्हणे तोच सगळ्यांत लहान, बिघडला तर फोम कमी वाया जाईल.

पोर पुढे संगणक शिकली आणि फिरून तिथेच आली, त्या यंत्राच्या दालनात. मास्तर दाबायचं कुठे ते सांगायचे आणि ही पडद्यावर दाबायची. दोघं दिवसभर भांडायची. अगं मुली, हाड तिथे नाहीये. आहे मास्तर, चित्रात दिसतंय. चित्राला कळ येते का? असं. इतकी वर्षं हे चाललं, आणि एक दिवस मास्तर गेले. आजारी नव्हते, झोपेतच गेले. ती स्मशानातून परस्पर कारखान्यात आली आणि यंत्र पुसत बसली.

म्हणजे मास्तरांचा हात आता उरला होता तो त्या साच्यांत. जुन्या संगणकात, जुन्या प्रोग्रॅममध्ये, शेकडो माणसांचे साचे. प्रत्येकात कुठे सोडायचं आणि कुठे दाबायचं ते मास्तरांनी ठरवलेलं. सॉकेट झिजलं, फुटलं, माणूस जाड झाला, बारीक झाला, की तोच साचा काढायचा, थोडं इकडेतिकडे करायचं आणि नवं कोरायचं.

आणि तो जुना संगणक मेला. धूर वगैरे काही नाही, सकाळी बटण दाबलं आणि गप्प. खिळाने आतली डिस्क काढून बघितली, साचे शाबूत होते. पण तो प्रोग्रॅम इतका जुना की आजच्या कुठल्याच संगणकावर चालायला तयार नाही, आणि त्याच्याशिवाय यंत्र एक बोट हलायला तयार नाही.

संचालक नवे होते. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही त्याला खलनायक करून मोकळे व्हाल. पण त्याला नव्याची भारी हौस. नव्या यंत्राचा विक्रेता आधीच त्याच्या केबिनमध्ये येऊन चहा ढोसत होता. त्याचं म्हणणं सरळ: जुनं द्या भंगारात, आमचं घ्या, सगळ्यांची मापं नव्याने काढा. जुने साचे आमच्या यंत्रात येणार नाहीत, पण हवेत कशाला? संचालकांना ते पटलं. संस्थेच्या समितीची बैठक ठरली, बैठकीच्याच दिवशी भंगारवाल्याला टेम्पो घेऊन यायला सांगितलं.

खिळाने ऐकलं आणि सरळ केबिनमध्ये घुसली. विक्रेत्याने नमुना म्हणून कारखान्याच्या जुन्या पेशंट, भाजीवाल्या मावशींना नव्या मापाचं सॉकेट करून दिलं होतं. मावशींना मास्तरांकडे किती खेपा घालून, किती वेळा रडून जुनं सॉकेट एकदाचं बरोबर बसलं होतं. या नव्या मापाने त्यांची कातडी सोलून निघाली आणि त्या घरी बसल्या, गाडी लावता येईना. हे तिने सांगितलं. संचालक म्हणाले, नवीन आहे, होतं सुरुवातीला. ती म्हणाली, सुरुवात मावशींची नव्हे साहेब, तुमची आहे. मावशींचं कधीच झालं होतं. मग बराच वेळ वादावादी झाली. शेवटी ती म्हणाली की बैठकीपर्यंत जुनं यंत्र मी चालू करून दाखवते, त्याच साच्यांसकट. संचालकांनी विचारलं कसं, तर म्हणाली, नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक बसवते.

त्यांनी विक्रेत्याकडे पाहिलं. विक्रेता हसला आणि म्हणाला, म्हणजे खोटं मशीन.

तो शब्द तिच्या डोक्यात गेला. बाहेर पडताना तिने दार असं ओढलं की केबिनच्या काचा वाजल्या.

आता हे पोटातलं मशीन काय, ते एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडणार नाही. समजा एक मोठं घर आहे आणि आतल्या खोलीत एक म्हातारा भाडेकरू ठेवलाय. त्याला वाटतं हे आपलंच घर. त्याचं जुनं सामान, जुन्या सवयी, सगळं तसंच. पण त्याच्या खोलीला रस्त्याकडे दार नाही. जे काही त्याच्याकडे जायचं, पाहुणा असो की पाणी, ते घरमालकाच्या दारातून आणि घरमालकाच्या परवानगीने. नवा संगणक म्हणजे मालक, आतला बनवलेला जुना संगणक म्हणजे भाडेकरू. प्रोग्रॅम आणि साचे भाडेकरूकडे सुखाने नांदायला लागले, ते काम तिने दुपारच्या आत केलं. घोडं अडलं ते यंत्राशी. यंत्राला जोडलेला एक काळा डबा असतो, तो संगणक आणि कोरायचं पातं यांच्यात बोलणी करतो. त्या डब्याची वायर लागणार मालकाला, आणि डबा दिसायला हवा भाडेकरूला.

पहिल्यांदा तर दिसेचना. चालू खोलीत नवं दार फोडता येत नाही, भाडेकरूला आधी झोपवावं लागतं. झोपवलं, दार केलं, उठवलं. मग दिसला, पण हात लावू देईना, कारण मालकानेच तो मधल्यामध्ये आपला म्हणून धरून ठेवला होता. मालकाच्या मुठीतून सोडवला. आत पोचला. भाडेकरूने आनंदाने जाहीर केलं की नवं उपकरण सापडलं. खिळाने टेबलावर मूठ आपटली, प्रोग्रॅम उघडला, कोरायचं बटण दाबलं. डब्यावरचा हिरवा दिवा लागला, विझला, परत लागला. आणि भाडेकरू म्हणाला, उपकरण सापडत नाही.

कसं सापडत नाही? आत्ता तर होतं. वायर काढली, लावली. पुन्हा तेच: सापडलं, दिवा लागला, विझला, लागला, सापडत नाही. वायर बदलली. भोक बदललं. आतली जुळवणी पुसून पुन्हा बसवली. भाडेकरूची अख्खी खोली मोडून नवी बांधली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. डब्याला शिव्या घातल्या, मग गोंजारलं, मग पुन्हा शिव्या. दिवसामागून दिवस चालले. ओव्हनवाला मिस्त्री दारात येऊन बघून जायचा आणि काही न बोलता मान हलवायचा, त्या मान हलवण्याचासुद्धा तिला संताप यायचा. संचालक एकदा डोकावले आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, अहो सोडा, कशाला जिवाला त्रास करून घेता? तिने वरसुद्धा पाहिलं नाही. समजुतीचा सूर तिला शिवीपेक्षा जास्त लागतो.

घरी आईचं वेगळंच. आईला कारखान्याबद्दल एकच गोष्ट कळायची, की पोरगी तिथून येते तेव्हा जेवत नाही. ताटावर बसल्या बसल्या तिने सुरू केलं: मास्तर गेले, आता त्या लोखंडाला काय कवटाळून बसलीयेस, दुसरीकडे तुला कोणीही हातोहात घेईल. खिळा म्हणाली, आई, मला कोण घेईल हा प्रश्न नाहीये. आई म्हणाली, मग कसला आहे? आणि तेव्हा तिचा आवाज फुटला. म्हणाली, ते साचे गेले तर मास्तर दुसऱ्यांदा मरतील, आणि या वेळी मी बघत उभी असेन. आईने तिच्या पानात वाढलं आणि हातानेच खूण केली, जेव.

बाप दिवाणावर बसून कानशीने एक फळी घासत होता. आता त्याला नीट दिसत नाही, पण हात चालू असतात. त्याने विचारलं, अडतंय कुठे नेमकं? तिने सांगितलं, आत जातंय आणि बाहेर फेकलं जातंय. बापाने जरा विचार केला. म्हणाला, दार घासत असलं की लोक दाराला रंधा मारतात. मी आधी चौकट बघतो.

"माझी चौकट सरळ आहे, बाबा," खिळा म्हणाली. "मीच बसवलीय."

बापाने कानशीचा भुसा फुंकला.

बैठकीचा दिवस उजाडला. भंगारवाल्याचा टेम्पो सकाळीच येऊन गेटसमोर उभा राहिला, ड्रायव्हर पाय वर करून पेपर वाचत बसला. समिती दुपारी येणार होती. खिळा यंत्रासमोर, डोळे लाल, केस विस्कटलेले, आणि डबा तोच खेळ करत होता: लागला, विझला, लागला, नाही.

तेवढ्यात गेटवर आरडाओरडा झाला.

झालं असं, की एक न्हावी आला होता. दिवसभर उभं राहायचं काम, आणि डावा पाय साखरेच्या आजाराने गेलेला. जुन्या संगणकाने डोळे मिटायच्या आधी कोरलेला अगदी शेवटचा साचा या न्हाव्याचा, तेही मास्तरांच्या वेळच्या जुन्या साच्यावरून. त्याचा पाय परवाच जुळून तयार झाला होता. आज तो कुबड्यांवर आला, आत पाय चढवला, दोन फेऱ्या मारल्या आणि इतका खूश झाला की मिस्त्रीला म्हणाला, मी जरा रस्त्याने चालून येतो. अंगणातली फरशी उखडलेली, म्हणून मिस्त्रीनेही जाऊ दिलं. न्हावी गेटमधून बाहेर पडला, पँट खाली सोडलेली, ताठ मानेने. कोपऱ्यापर्यंत गेला, आला. आणि वॉचमनने अडवला.

वॉचमन नवा. न्हावी म्हणतोय, अरे बाबा मी आत्ताच इथून बाहेर गेलो. वॉचमन म्हणतोय, पास दाखवा. पास न्हाव्याच्या पिशवीत, पिशवी कुबडीला लटकवलेली, कुबडी आत. न्हावी म्हणतोय, सकाळी तूच मला आत सोडलंस. वॉचमन म्हणतोय, सोडलं तो माणूस कुबड्यांवर होता, तुम्ही तर चालत आलात.

खिळा तणतणत बाहेर आली. आधीच डोकं तापलेलं, त्यात हे. तिने वॉचमनला असा फैलावर घेतला की टेम्पोवाल्याने पेपर खाली ठेवला. माणूस ओळखता येत नाही का, डोळे कुठे गहाण टाकलेत, इथे येणारा प्रत्येक जण कुबड्यांवर येतो आणि पायांवर जातो, त्यासाठीच तर हा कारखाना आहे, असं बरंच काही. वॉचमन शांतपणे ऐकत होता. तिचं संपल्यावर म्हणाला,

"मॅडम, तुम्हीच सांगितलंत ना. ओळख पटल्याशिवाय कोणालाही सोडायचं नाही, आणि कोणाशी वाद घालत बसायचं नाही. मी जो आत सोडला तो हा नव्हता. आता तोच बदलून आला, तर मला कसं कळणार?"

खरं होतं. विक्रेता एकदा विचारपूस न होता थेट यंत्राच्या दालनात शिरला होता, तेव्हा तिनेच या वॉचमनला झाप झाप झापून हा नियम घालून दिला होता.

ती उत्तर द्यायला तोंड उघडून होती, आणि तशीच राहिली. न्हाव्याकडे बघितलं. वॉचमनकडे बघितलं. न्हावी म्हणाला, ताई, बरं नाही वाटत का? ती वळली आणि आत पळाली. हो, पळाली, खोट्या पायावर माणूस पळू शकत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी ते बघायला हवं होतं.

कारण तिच्या संगणकालाही तिने असाच एक वॉचमन बसवला होता. मागे कोणीतरी सहलीचे फोटो दाखवायला बाहेरचा पेन ड्राइव्ह खुपसला होता आणि त्यातून असा रोग पसरला की सगळं काम ठप्प झालं, लोक पायांसाठी ताटकळले. तेव्हा चिडून तिने मालकाच्या दारावर नियम लावला: मी ज्यांच्या ओळखी लिहून दिल्यात तेवढीच उपकरणं आत, बाकी सगळ्यांना हाकलायचं. आणि हाकलताना ओरडायचं नाही, कारण तो सारखा ओरडला की लोक तिला हाका मारायचे. नियम तिचा, गप्प बसवणंही तिचंच, आणि ती ते साफ विसरून गेली होती. नव्या संगणकावर पहिल्याच दिवशी तिने सवयीने तोच नियम बसवला होता, डब्याची ओळख त्यात लिहून.

पण डबा दोन तोंडांचा होता. चालू होताना तो कोरा असतो, एका ओळखीने येतो. प्रोग्रॅम त्याला कसं वागायचं ते दर वेळी नव्याने शिकवतो. शिकून झालं की डबा क्षणभर विझतो आणि पुन्हा उठतो तो दुसऱ्याच ओळखीने, कामाचा होऊन. म्हणजे कुबड्यांवर आत, पाय चढवून बाहेर, आणि परत आला की दारात तिचाच नियम उभा. जुन्या संगणकावर हे डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायचं, मध्ये कोणी वॉचमन नव्हता, त्यामुळे इतक्या वर्षांत कधी कळलंच नाही. तिने मालकाला बोलतं केलं, डबा लावला, आणि पडद्यावर आलं ते बघितलं: तिने सोडलेला एक, आणि लागोपाठ तिनेच हाकललेला दुसरा.

ती मोठ्याने हसली, आणि मग स्वतःवर इतकी चिडली की खुर्चीला लाथ घातली. बापाने सांगितलं होतं. चौकट. मीच बसवलीय म्हणे. वा गं शहाणे.

दुसरी ओळख लिहिली. मालकाला सांगितलं की यालाही सोडायचं, आणि सोडलं की सरळ भाडेकरूकडे पाठवायचं, मध्ये धरून ठेवायचं नाही. नियम मात्र काढला नाही. का काढावा? नियम बरोबरच होता, फक्त त्याला बदललेला माणूस ओळखायला शिकवलं नव्हतं. मग तिने बटण दाबलं. दिवा लागला. विझला. लागला. आणि लागलेलाच राहिला.

ठोकळा चढवला. समितीच्या गाड्या आल्याचा आवाज येत होता, म्हणून सगळ्यांत लवकर होईल असा लहान साचा हवा होता. तिने यादीच्या तळाशी जाऊन पहिलाच साचा उघडला. आणि पातं फिरायला लागलं.

समिती दारात आली तेव्हा दालनभर पांढरा भुसा उडत होता. पुढे अध्यक्षबाई, मागे दोन सभासद, त्यांच्या मागे संचालक आणि अर्थातच विक्रेता. पातं थांबलं. खिळाने कोरलेला साचा काढून पुसला. एवढासा, तळहातात मावेल असा, आणि डाव्या बाजूला एक फुगवटा ठेवलेला, म्हणजे त्या पोरीचं हाड जिथे बोचायचं तिथे सॉकेटमध्ये जागा सुटते.

संचालक खरोखर चकित झाले होते. ते म्हणाले, कौतुक आहे. पण लगेच म्हणाले, की झालं ते ठीक, तरी संस्था असल्या आधारावर उभी करता येत नाही. विक्रेत्याने री ओढली. तोंडावर तेच हसू. म्हणाला, मॅडमनी कसरत छान केलीय, पण शेवटी आतला संगणक खराखुरा नाहीच. खोट्या मशीनवर इतक्या लोकांचे पाय कसे सोपवायचे?

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने साचा टेबलावर ठेवला. खाली वाकली, पँटचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत वर केला आणि हातातल्या पान्याने पायावर दोनदा ठोकलं. टक टक असा कोरडा आवाज सगळ्या दालनाला ऐकू गेला.

"हाही खोटाच आहे," ती म्हणाली. "लहानपणापासून याच्यावर उभी आहे. आत्ता तुमच्यासमोरही याच्यावरच उभी आहे. हा टेबलावर ठेवलाय ना, तो याचा पहिला साचा. याच यंत्राने कोरला होता आणि आत्ता परत कोरला. खरं-खोटं तुम्ही ठरवत बसा साहेब. मला फक्त एवढंच सांगा, पडले का मी कधी?"

 विक्रेत्याचं हसू कुठे ठेवावं ते त्याला कळेना. संचालकांनी तिच्या पायाकडे पाहिलं, मग साच्याकडे. अध्यक्षबाईंनी तो साचा उचलला, त्या फुगवट्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, हे असं का केलंय? खिळा म्हणाली, तिथे दुखायचं. मास्तरांनी विचारलं होतं.

अध्यक्षबाईंनी साचा परत तिच्या हातात दिला. मग विचारलं, आता पुढे कोणाचा लावणार आहात? खिळा म्हणाली, भाजीवाल्या मावशींचा, त्या घरी बसून आहेत. बाई म्हणाल्या, मग लावा ना, आमच्यामुळे कशाला खोळंबा. आणि संचालकांकडे वळून म्हणाल्या, टेम्पोवाल्याला जाऊ द्या.

टेम्पोवाल्याला सांगायला खिळा स्वतः गेली, ते सुख तिने दुसऱ्या कोणाला घेऊ दिलं नाही. ड्रायव्हर कुरकुरला, सकाळपासून उभा आहे म्हणाला, रिकामा जाऊ का? ती म्हणाली, रिकामाच जा. जुना मेलेला संगणकही तिने दिला नाही.

ती परत फिरली तर वॉचमन गेटमध्ये उभा. जरा घाबरलेला, पण जागचा हलला नव्हता. सकाळच्या बोलण्यानंतरही म्हणाला, मॅडम, पास?

पास आत टेबलावर, साच्याच्या भुशात पडलेला. तिने क्षणभर त्याच्याकडे रोखून पाहिलं. पोरगा खरा होता, खिळ्याच्याच जातीचा.

"तोंड बघ माझं," ती म्हणाली. "आणि यापुढे सगळ्यांचं तोंडच बघत जा. पाय बदलतात इथे."

त्याने गेट उघडलं. ती आत गेली आणि मावशींचा ठोकळा यंत्रावर चढवला.